थरथर की ढकल? हाताला उलट ढकलणाऱ्या गेम कंट्रोलरची गोष्ट

पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ज्यांचे इयरफोन घरी राहिले, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी खास.

आधी एक छोटा प्रयोग करू. फोन व्हायब्रेटवर टाका, तळहातावर ठेवा आणि शेजारच्याला कॉल करायला सांगा. फोन थरथरेल, गुरगुरेल. पण तो तुमचा हात डावीकडे ढकलेल का? तुम्ही बोट पुढे नेताना ते अडवेल का? नाही. फोन फक्त जागच्या जागी हलतो. हाताला ढकलणं त्याला जमत नाही.

हा फरक मला पहिल्यांदा कळला तो एका मॉलच्या गेम झोनमध्ये. शाळेत होतो. रेसिंग गेमच्या खुर्चीत बसलो, टोकन टाकलं, आणि पहिल्याच वळणाला गाडी कठड्यावर आदळली. स्टिअरिंगने असा हिसका दिला की आडव्या दांडीत अडकवलेला माझा अंगठा मागे वाकला. दोन दिवस पेन धरताना दुखत होता. आईला सांगितलं नाही, नाहीतर पुढच्या वेळेचे पैसे बंद झाले असते.

आज त्याच हिसक्याचा इतिहास बघायचा आहे. याला म्हणतात फोर्स फीडबॅक. म्हणजे तुम्ही यंत्राला ढकलता आणि यंत्र तुम्हाला उलट ढकलतं. हे घरच्या कॉम्प्युटरला जोडायचं, सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत, आणि कुणाचा अंगठा न मोडता, हे कोडं सोडवायला अर्धं शतक लागलं. आणि ते अजून पूर्ण सुटलेलं नाही.

सुरुवात गेममध्ये नाही, अणुभट्टीजवळ

१९४०च्या दशकाचा शेवट. अमेरिकेत शिकागोजवळच्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत किरणोत्सारी पदार्थांवर काम चालायचं. हे पदार्थ हाताने उचलता येत नाहीत. मग मध्ये जाड भिंत, त्यात जाड काच, आणि पलीकडे एक यांत्रिक हात. रेमंड गोअर्ट्झ या इंजिनिअरने इकडचा हात आणि तिकडचा हात एकमेकांना जोडला. इकडे माणसाने मूठ वळवली की तिकडे यंत्राची मूठ वळायची.

पण खरी गोष्ट उलट दिशेची होती. तिकडच्या पंजाने काचेची बाटली पकडली, तर ती किती घट्ट पकडली आहे हे इकडच्या माणसाच्या हाताला जाणवायला हवं. नाहीतर बाटली एकतर फुटणार, नाहीतर निसटणार. आणि आत किरणोत्सारी द्रव असेल तर दोन्ही वाईटच. सुरुवातीचे हात निव्वळ यांत्रिक जोडणीचे होते, त्यामुळे हा स्पर्श आपोआप परत यायचा. १९५४ मध्ये गोअर्ट्झने विजेच्या मोटरवर चालणारा आणि तरीही जोर परत पोचवणारा हात बनवला. आता दोन हातांमध्ये फक्त तारा होत्या.

आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही जाड काचेमागे काम करणारे असे यांत्रिक हात वापरले जातात. म्हणजे हे तंत्रज्ञान जन्मलं ते मजेसाठी नाही. माणसाला धोक्यापासून लांब ठेवून त्याचा स्पर्श तेवढा आत पाठवायचा, यासाठी.

आता एक साधा प्रश्न. दोन हातांच्या मध्ये फक्त तारा असतील, तर तिकडे खरा हात असायलाच हवा का? तिकडे कॉम्प्युटर बसवला तर?

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९६७ मध्ये हेच सुरू केलं. प्रकल्पाचं नाव ग्रोप, म्हणजे चाचपडणं. आर्गॉनमध्ये बनलेला तसाच हात त्यांनी कॉम्प्युटरला जोडला. उद्देश असा की रसायनशास्त्रज्ञाला औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवताना त्यांच्यातलं आकर्षण आणि ढकलणं हाताला जाणवावं. कल्पना पक्की होती, कॉम्प्युटर मात्र कच्चा. पुरेसा वेगवान कॉम्प्युटर मिळायला १९८०चं दशक उजाडावं लागलं.

वेगाचं इतकं काय?

इथे थोडं थांबू, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. डोळ्यांना फसवणं सोपं आहे. सेकंदाला २४ चित्रं दाखवली की आपल्याला सिनेमा सलग दिसतो. हात इतका भोळा नाही. कॉम्प्युटरमधली भिंत हाताला कडक लागायची असेल, तर जोराचा हिशोब सेकंदाला साधारण १००० वेळा करावा लागतो. त्यापेक्षा हळू केला तर भिंत मऊ, स्पंजसारखी लागते. त्याहून वाईट म्हणजे यंत्र कापायला लागतं. हात भिंतीत शिरतो, यंत्राला उशिरा कळतं, ते जास्त जोरात ढकलतं, हात बाहेर फेकला जातो, पुन्हा आत येतो, पुन्हा ढकललं जातं. काही रेसिंग व्हील हात सोडल्यावर आपोआप डावी-उजवी झुलायला लागतात, त्यामागे असाच उशीर असतो.

म्हणून घरच्या वापरासाठी तीन अडचणी होत्या. वेगवान हिशोब, मोटरला लागणारी वीज, आणि हात सुटला तर काय. पहिल्या दोन खर्चाच्या, तिसरी सुरक्षेची.

आर्केडवाल्यांना या अडचणींचा त्रास कमी होता. मशीन मोठं, वजनदार, जमिनीवर पक्कं, आणि पैसे टोकनमधून वसूल. १९७६ मध्येच सेगाच्या मोटो-क्रॉस या मोटरसायकल गेमचं हँडल टक्कर झाली की थरथरायचं. १९८९ मध्ये अटारी गेम्सच्या हार्ड ड्रायव्हिनमध्ये स्टिअरिंग खरोखर उलट जोर लावू लागलं. त्या मशीनला क्लच होता, गिअर होता, गाडी सुरू करायला किल्लीसुद्धा होती. माझा अंगठा वाकवणारं मशीन हे त्याच घराण्यातलं नातवंड म्हणायचं.

घरात शिरकाव

१९९३ च्या आसपास दोन ठिकाणी दोन तरुण कामाला लागले. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या लुई रोझेनबर्ग यांनी इमर्शन नावाची कंपनी काढली. तिकडे एमआयटीत थॉमस मॅसी आणि त्यांचे मार्गदर्शक केनेथ सॅलिसबरी यांनी फँटम नावाचं यंत्र बनवलं. शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोपणात बोट घालायचं आणि हवेत नसलेली वस्तू चाचपायची. फँटम भन्नाट होतं, पण किंमत हजारो डॉलरची. ते प्रयोगशाळांत गेलं, घरात नाही. (हेच मॅसी २०१२ मध्ये केंटकीतून अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले. अशीही वळणं असतात!)

इमर्शनने स्वस्ताचा रस्ता धरला. आपलं तंत्रज्ञान ते जॉयस्टिक बनवणाऱ्या कंपन्यांना वापरायला देऊ लागले. १९९०च्या दशकाच्या मध्यावर सीएच प्रॉडक्ट्सची फोर्स एफएक्स ही जॉयस्टिक घरच्या कॉम्प्युटरसाठी बाजारात आली. मायक्रोसॉफ्टही मागे राहिली नाही. बेथ मार्कस यांची एक्सॉस ही कंपनी त्यांनी १९९६ मध्ये विकत घेतली आणि १९९७ मध्ये साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो ही जॉयस्टिक आणली. किंमत साधारण १५० डॉलर.

ही जॉयस्टिक मला या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात शहाणी वस्तू वाटते. का ते बघा.

वेगाची अडचण कशी सोडवली? जॉयस्टिकच्या पोटातच एक प्रोसेसर बसवला. कॉम्प्युटरने फक्त निरोप द्यायचा : स्प्रिंगसारखी वाग, किंवा या दिशेने एवढा धक्का दे, किंवा बंदुकीसारखी थडथड कर. बाकी वेगवान हिशोब जॉयस्टिक स्वतः करणार. कॉम्प्युटर चित्र काढण्यात गुंतला तरी हाताला कळणार नाही.

निरोप पाठवायचा कुठून? तेव्हाचा गेम पोर्ट हा मुळात जॉयस्टिकची स्थिती वाचण्यासाठी होता. जॉयस्टिककडे काही पाठवायची सोय त्यात नव्हती. पण त्याच पोर्टमधून मिडीची, म्हणजे संगीताच्या कीबोर्डची तार जायची. इंजिनिअरांनी तीच वाट वापरली. सूर पाठवायच्या वाटेने त्यांनी धक्के पाठवले.

वीज? ती भिंतीतल्या सॉकेटमधून वेगळी घेतली.

आणि हात सुटला तर? मुठीत प्रकाशावर चालणारा एक सेन्सर होता. हाताने मूठ पकडली आहे तोवरच मोटरला जोर. हात काढला की जोर बंद. रिकामी दांडी टेबलावर आपोआप आपटत नाही, लहान मुलाच्या तोंडावर येत नाही. एवढासा स्वस्त सेन्सर, पण "माणूस आहे का?" हा प्रश्न यंत्राने आधी विचारायचा आणि मगच जोर लावायचा, हे तत्त्व त्याने घरात आणलं.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्समध्ये फोर्स फीडबॅकची सोय केली, म्हणजे प्रत्येक गेमवाल्याला प्रत्येक जॉयस्टिकसाठी वेगळी मेहनत नको. १९९९ मध्ये यूएसबीसाठीही असं एक सामाईक मानक ठरलं. त्याचं महत्त्व पुढे कळेल. लॉजिटेकने विंगमन फोर्स आणली, मग रेसिंग व्हील आणली. सगळं जुळून आल्यासारखं दिसत होतं.

मग थरथर जिंकली

पण १९९७ मध्ये दुसरीकडे वेगळंच घडलं. निंटेंडोने रंबल पॅक आणला. दोन पेन्सिल सेल, एक छोटी मोटर, आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेला तुकडा. मोटर फिरली की सगळं हादरतं. वर्षअखेर सोनीचा ड्युअलशॉक आला, त्यात अशा दोन मोटर, एक मोठी, एक लहान. तुमच्या फोनचं व्हायब्रेशनही याच कुळातलं.

हे इतकं स्वस्त का? एक तर वीज नगण्य लागते. तेव्हाच्या यूएसबी पोर्टमधून जेमतेम अडीच वॅट वीज मिळायची. तेवढ्यात थरथर आरामात होते, हाताला ढकलणं होत नाही. दुसरं कारण शाळेतलंच आहे, न्यूटनचा तिसरा नियम. कुणाला ढकलायचं तर पाय रोवायला जागा लागते. व्हील टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं असतं, म्हणून ते ढकलू शकतं. हातात धरलेल्या गेमपॅडला टेकायला काहीच नाही. तो बिचारा थरथरण्यापलीकडे काय करणार?

आणि थरथर सुरक्षितही वाटते. अंगठा मोडत नाही, टेबलावरचा चहा सांडत नाही. वाटते असं म्हटलं, कारण २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनी १५ वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. थंडीत त्याचे हात पांढरे पडायचे, सुजायचे, दुखायचे. रस्ते फोडायचे ब्रेकर चालवणाऱ्या कामगारांना होतो तसा त्रास. मुलगा दिवसाला ७ तासांपर्यंत थरथरणारा कंट्रोलर धरून खेळायचा. एका मुलावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, आणि डॉक्टरांनीही तसा काढला नाही. पण ७ तास हातात काहीही थरथरत ठेवू नये, एवढं कळायला दुसरा रुग्ण कशाला हवा?

पुढचा अंक कोर्टातला. इमर्शनकडे हाताला जाणीव देणाऱ्या तंत्राची बरीच पेटंटं होती. २००२ मध्ये त्यांनी सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांवर दावा ठोकला. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये २.६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. सोनी लढली. २००४ मध्ये ज्यूरीने सोनीला ८.२ कोटी डॉलर भरायला सांगितले. अपील, व्याज, तारखा असं करत २००७ मध्ये प्रकरण मिटलं तेव्हा आकडा १५ कोटी डॉलरवर गेला होता. या भांडणाच्या काळातच, २००६ मध्ये, प्लेस्टेशन ३ आला आणि त्याचा कंट्रोलर थरथरतच नव्हता! सोनीने कारण दिलं हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचं. पण तडजोड झाली आणि त्याच वर्षी थरथरणारा ड्युअलशॉक ३ दुकानात आला. आता तुम्हीच ठरवा.

स्वस्त आणि सुरक्षित, पण एकटा

२००७ मध्येच एक अवलिया आला. नोव्हिंट फाल्कन. कारखान्यात बिस्किटं उचलून खोक्यात ठेवणारे तीन पायांचे डेल्टा रोबो तुम्ही व्हिडिओत पाहिले असतील. त्याच रचनेचं छोटं यंत्र, पुढे एक गोळा. तो धरून पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायचा. सेकंदाला १००० वेळा हिशोब. जोर एका किलोच्या वजनापेक्षा थोडा कमी, म्हणजे जाणवेल पण दुखावणार नाही. किंमत २०० डॉलरच्या आसपास. दहा-बारा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत हजारो डॉलरला मिळणारी गोष्ट शाळकरी पोराच्या टेबलावर!

चाललं का? नाही. मोजक्याच गेम त्याला ओळखायच्या. गेमवाले म्हणणार, यंत्र किती जणांकडे आहे? गिऱ्हाईक म्हणणार, गेम किती आहेत? या घोळात फाल्कन मागे पडला. नंतर तो गेमरपेक्षा संशोधकांच्याच टेबलावर जास्त दिसू लागला, तिथे त्यांना तो स्वस्तात मस्त वाटला. जॉयस्टिकचंही तेच झालं. विमानांच्या गेमची लाट ओसरली आणि मायक्रोसॉफ्टने २००३ च्या सुमारास साइडवाइंडरचा गाशा गुंडाळला.

टिकलं फक्त एकच, रेसिंग व्हील. कारण गाडीचं स्टिअरिंग खऱ्या आयुष्यातही हाताला ढकलतं. रस्ता हातातून कळतो. टायर घसरायला लागला की स्टिअरिंग हलकं पडतं, आणि ते डोळ्याआधी हाताला समजतं.

जोर परत आला

स्वस्त व्हीलमध्ये लहान मोटर असते आणि दातेरी चाकांनी तिचा जोर वाढवलेला असतो. म्हणून त्यात दातांची खरखर लागते. त्याच्या वर पट्ट्यावर चालणारी व्हील, ती गुळगुळीत. आणि सगळ्यात वर डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच थेट स्टिअरिंग. मध्ये काही नाही. सुरुवातीला हौशी लोक कारखान्यातल्या सर्वो मोटर आणून घरी हे बनवायचे. मग कंपन्या उतरल्या. २०१८ मध्ये फॅनाटेकची पोडियम मालिका आली, किंमत हजार युरोंच्या वर. २०२१ मध्ये त्याच कंपनीचं सीएसएल डीडी आलं, साधारण ३५० युरोंना, तेही फक्त मोटरचा भाग. मग चिनी कंपन्यांनी स्पर्धा वाढवली.

आता आकडे नीट ऐका. लॉजिटेकच्या जी २९ सारख्या नेहमीच्या व्हीलचा जोर साधारण २ न्यूटन-मीटर. ३० सेंटीमीटर रुंदीच्या चाकाच्या कडेवर तो म्हणजे दीडेक किलोचं वजन. ८ न्यूटन-मीटरचं डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे साडेपाच किलो. आणि पोडियम मालिकेतलं मोठं, २५ न्यूटन-मीटरचं? १७ किलो. म्हणजे तांदळाची १० किलोची गोणी अधिक वर ७ किलो, तुमच्या अंगठ्यावर, एका झटक्यात.

म्हणूनच त्या पोडियमबरोबर एक वेगळी चावी यायची. ती लावल्याशिवाय पूर्ण जोर सुटायचाच नाही. बंद करायला वेगळं बटणही असायचं. साइडवाइंडरचा मुठीतला सेन्सर आठवला? प्रश्न तोच आहे : समोर माणूस आहे ना, आणि त्याला हे माहीत आहे ना?

या सगळ्या प्रवासात मला एक गोष्ट दिसते. बरीच वर्षं स्वस्त आणि सुरक्षित हे एकाच गाडीतून चालले होते. स्वस्त मोटर कमजोर, आणि कमजोर मोटर निरुपद्रवी. सुरक्षेचा वेगळा विचार करायची फारशी गरजच पडली नाही, स्वस्ताईनेच ते काम केलं. आता जोरदार मोटरच स्वस्त होतेय, आणि ती गाडी दोन रस्त्यांना फुटतेय. १९९९ च्या त्या यूएसबी मानकामुळे आज कॉलेजचा विद्यार्थी आर्डुइनो लिओनार्डोसारख्या छोट्या बोर्डवर आणि होव्हरबोर्डच्या चाकातल्या मोटरवर स्वतःचं व्हील बनवू शकतो. कॉम्प्युटर त्याला ओळखतोही. १९९०च्या दशकातल्या पेटंटांची मुदतही संपत गेली. मस्तच आहे हे. फक्त घरी बनवलेल्या व्हीलबरोबर कोणतीही कंपनी चावी देत नाही. ती तुम्हालाच बसवायची असते.

तेव्हा नवं घ्या, जुनं घ्या की बनवा, चार गोष्टी ध्यानात ठेवा. अंगठे चाकाच्या कडेवर ठेवा, आडव्या दांडीत अडकवू नका. टक्कर होणार दिसली की खरे रेसर करतात तसं हात सोडा. जोर सुरुवातीला निम्म्याच्या खाली ठेवा आणि हळूहळू वाढवा. बरीच व्हील वीज लावताच स्वतःला तपासायला दोन्ही टोकांपर्यंत आपोआप फिरतात, तेव्हा लहान भावंडं, चार्जरच्या वायरी आणि चहाचा कप लांब ठेवा. आणि स्वतः बनवत असाल, तर मोटरची वीज तोडणारं लाल बटण हाताच्या अंतरावर बसवा, बाकी सगळं नंतर.

जाता जाता, ढकल गेमपॅडमध्येही हळूच परत आली आहे. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्समध्ये ट्रिगरच्या मागे छोटी मोटर आहे. धनुष्य ताणताना बोटाला खरोखर अडवते. न्यूटनचा नियम चुकला नाही. पाय रोवायला तुमचाच तळहात वापरलाय.

गोअर्ट्झच्या त्या जाड काचेपासून इथपर्यंत आलो. तिथे हाताला जाणीव परत दिली, कारण त्याशिवाय काम धोक्याचं होतं. इथे जाणीव देतो, कारण त्याशिवाय खेळ फिका आहे. पण जो हात तिकडे सांभाळायचा होता, तोच इकडेही आहे.

माझा अंगठा आता बरा आहे. आईला मात्र हे या भागातूनच कळणार. बघू काय म्हणते. भेटू पुढच्या भागात, तोवर काळजी घ्या!